अर्बाबाचे हात धुतले, तो मंगळवार

अन्याय कुणावर झाला ते आधी लिहिते. ईदच्या सुट्टीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, मस्कतच्या गाला भागातल्या एका जनरेटर दुरुस्तीच्या दुकानात, दोन माणसांवर. एक दुकानाचा मालक, इथल्या बोलीत अर्बाब, ओमानी, फौजेतून निवृत्त झालेला. दुसरा त्याचा कारकून, आपला, रत्नागिरीकडचा. मालकाचा अर्ज सरकारदरबारी पडून आहे. कारकुनासाठी कुणी काही मागत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. नाव लिहिणार नाही, त्यांना ते खपायचं नाही. मी त्यांना चाचा म्हणायचे. मंडळातले तुम्ही बरेच जण त्यांना तोंडावर चाचा आणि पाठीमागे ‘मुदीर’ म्हणायचात. मुदीर म्हणजे मॅनेजर, साहेब. गंमत म्हणून. त्या गमतीचं काय झालं तेही पुढे येईल.

तुम्ही त्यांना पाहिलं असेल तर तो हात आठवेल. दर थोड्या वेळाने उजवा हात शर्टाच्या खिशाकडे जायचा आणि बाहेरूनच चाचपायचा. खिशात दुकानाचा शिक्का, रुमालात गुंडाळलेला. टॅक्सीत बसताना, रांगेत उभं असताना, चहाचा कप उचलण्याआधी, एकदा हात खिशाकडे. पुटपुटायचे, “हाय.” म्हणजे आहे, जागेवर. आणि मग चहा.

त्यांच्या दुकानामागच्या गल्लीत टायपिंग सेंटर आहे, तिथे मी काम करते. सरकारी अर्ज अरबीत टाइप करायचे, संगणकावरून भरायचे, हा आमचा धंदा. चाचा पहिल्यांदा आले ते कसल्यातरी उशिराची तक्रार घेऊन. मी पुण्यात कॉलेजात असताना पत्रकं लिहायला शिकले, त्यामुळे मी ती तक्रार आधी मराठीत, दणक्यात लिहिली. चाचांनी वाचून घेतली, मग पेन काढून एकेक शब्द खोडत गेले. ‘बेजबाबदार’ गेला. ‘संतापजनक’ गेला. शेवटी तीन ओळी उरल्या.

“एवढंच?” मी विचारलं.

“बाय, सरकारला ओरडून सांगायचं नसतं. सरकार झोपलेलं नसतं, सावकाश असतं. पहिला कागद जातो, मग माणूस. कागद शांत पायजे.”

मला राग आला होता. पण आठवड्याभरात काम झालं, आणि पुढच्या खेपेला चाचा माझ्यासाठी खजुराची पुडी घेऊन आले.

आता नियम सांगते, कारण तो समजल्याशिवाय मंगळवार समजणार नाही. सरकारी कामांतली काही कामं छोट्या ओमानी मालकांसाठी राखून ठेवलेली असतात. त्यातल्या एका खात्याने निवृत्त सैनिकांच्या दुकानांसाठी डोंगरातल्या दवाखान्यांचे जनरेटर सांभाळायचं काम राखलं होतं. त्यासाठी कार्ड लागतं आणि कार्डाची मुख्य अट एकच: धंदा मालकाने स्वतः चालवला पाहिजे. अट बरोबर आहे. मी तिच्या बाजूने आहे. गालात भाड्याचे अर्बाब किती आहेत हे तुम्हाला माहीत आहे. नाव ओमानी माणसाचं, दुकान दुसऱ्याचं, आणि महिन्याला एक पाकीट. अशा लोकांनी खऱ्यांची कामं खाऊ नयेत म्हणून तपासणी असते. असायलाच हवी.

पण हा अर्बाब खरा होता. आयुष्यभर फौजेच्या जनरेटरांखाली झोपलेला माणूस. पेन्शन घेऊन घरी बसायचं त्याला जमेना म्हणून त्याने दुकान टाकलं. छावणीच्या कोठारात कारकुनी करणारे चाचा त्याच्या ओळखीचे, त्यांना घेऊन आला. दुकानात शिरलात तर आधी दोन पाय दिसायचे, निळ्या डांगरीतले, यंत्राखालून बाहेर आलेले. ते पाय अर्बाबाचे. टेबलाशी पांढऱ्या शर्टात बसलेला माणूस चाचा. नवीन गिऱ्हाईक हटकून चाचांना सलाम करायचं आणि पायांना म्हणायचं, भाई, पाना बाजूला घे. अर्बाब खालून हसायचा. चाचांना मात्र ते फार लागायचं.

आणि एक. अर्बाबाला डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्यानेही कमीच. इतकी वर्षं यंत्रांत काढल्यावर दुसरं काय होणार. ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. चाचांना माहीत होतं. म्हणून कुणी काही विचारलं की अर्बाब मान वळवून चाचांकडे बघायचा, चाचा तेच त्याच्या उजव्या बाजूला येऊन सांगायचे, किंवा सरळ उत्तरच देऊन टाकायचे. बँकेत, पोस्टात, सगळ्या खिडक्यांवर हेच. खुर्ची ओढायची, अर्बाबाला बसवायचं आणि म्हणायचं, “इंता बैठो. मैं बोलेगा.”

तू बस, मी बोलतो. हे वाक्य तुम्ही ऐकलं आहे. आपल्या मंडळाची बर्क्याच्या फार्मवरची सहल आठवा. सकाळी साडेनऊला जनरेटर बंद पडला, ध्वनिक्षेपक गेला, मुलांचं नाटक तसंच थांबलं. तासाभरात चाचांच्या गाडीतून निळ्या डांगरीतला एक माणूस उतरला आणि थेट वाळूवर आडवा झाला. आपण सगळे भोवती उभे. कुणीतरी म्हणालं, “भैया, थोडा जल्दी.” कुणीतरी कागदाच्या बशीत दोन बटाटेवडे त्याच्या उशाशी ठेवले. चाचा लालबुंद.

“भैया नाय तो. अर्बाब हाय. मालक.”

“मग तुम्ही कोण, मुदीर?” असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले. यंत्र सुरू झालं तेव्हा अर्बाब वाळू झटकत उठला, काळ्या हातानेच वडा खाल्ला आणि म्हणाला, “माफी मुश्किल.” काही अडचण नाही. आपल्या टाळ्या यंत्राला होत्या की त्याला, कोण जाणे.

कार्डाचा अर्ज मी भरला. मालकाचं नाव, मालकाची फौजेतली कागदपत्रं, मालकाची सही. फोन नंबराच्या रकान्याशी मी थांबले.

“अर्बाबाचा नंबर सांगा.”

“माझा टाक. त्याला कशाला त्रास.”

मी टाकला. ईमेलही चाचांचाच. असं आपण सगळेच करतो. तुमच्या कंपनीच्या कागदांवर कुणाचा नंबर आहे, जाऊन बघा. मालकाला त्रास नको म्हणून कारकुनाचा. फोनवर तो ऐकू शकणार नाही, हे चाचा मला बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही. हा माझा गुन्हा, मी इथेच लिहून ठेवते.

तपासणीची सूचना आली ती त्याच नंबरावर. अधिकारी दुकानात येऊन पाहणी करतील. आठवडाभर आधी कळलं, आणि त्या आठवड्यात चाचा निम्मे झाले. दिवसातून चारदा माझ्याकडे यायचे. “जरा उघडून बघ गो, काय नवीन लिवलाय काय.” मी उघडायचे. ‘तपासणी चालू’ एवढंच. “चालू हाय,” असं स्वतःशी म्हणत परत जायचे आणि तासाभराने पुन्हा दारात. खिशाकडे जाणारा हात आता खाली येईनासा झाला, तिथेच राहायचा. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढल्या, नंतर त्या प्रती हरवतील म्हणून आणखी एक संच. जेवणाचा डबा उघडायचा आणि तसाच मिटायचा. दाबाची गोळी सकाळी घेतली की नाही हे त्यांना आठवायचं नाही, म्हणून ते मला फोन करून विचारायचे. मला कसं माहीत असणार?

“एवढं काय घाबरता? अर्बाब खरा आहे,” मी म्हणायचे.

“खरं असलेलंच जास्त संभाळावं लागतं. खोट्याचे कागद नेहमी बरोबर असतात.”

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. पत्रकात टाकावं असं वाक्य. मी टाकलं नाही, कारण मस्कतमध्ये मी पत्रकं काढत नाही.

मंगळवारी सकाळी त्यांनी मला छापील कागद घेऊन बोलावलं. मी साडेनऊला पोचले तेव्हा दुकानामागच्या नळाशी अर्बाब उकिडवा बसला होता आणि चाचा त्याचे हात धूत होते. आधी रॉकेल, मग भांड्यांचा साबण, मग अर्धं लिंबू. नखांतून ब्रश फिरवत होते. अर्बाब लहान मुलासारखा हात पुढे करून कंटाळलेला. एकेका बोटावरून कित्येक वर्षांचं काळं उतरत होतं.

“राहू द्या ना चाचा,” मी म्हटलं.

“अधिकारी लोक येणार. मालक मालकासारखा दिसायला नको?”

डांगरी दोरीवर टांगली. घरून इस्त्रीचा पांढरा, पायघोळ दिशदाशा मागवला होता, तो घातला. अत्तर लावलं. टेबलावर नवीन कापड, त्यावर काहीही नाही, आणि मागे अर्बाब. तोपर्यंत त्या खुर्चीत मी त्याला कधीच बसलेला पाहिला नव्हता. त्यालाही ती टोचत असावी, सारखा पुढे सरकत होता. चाचांनी लांबून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. इतकी वर्षं लोकांनी त्यांच्या मालकाला मेकॅनिक समजून हाका मारल्या होत्या. आज तसं होणार नव्हतं.

दहा वाजून वीस मिनिटांनी दोघं अधिकारी आले. सभ्य होते, हे लिहायला हवं. एकाने शेजारच्या टायरवाल्याला आधीच विचारलं होतं, इथलं काम कोण बघतं? टायरवाल्याने हसून चाचांकडे बोट केलं होतं. मुदीर. आपलीच गंमत, टायरवाल्यापर्यंत पोचलेली.

पहिला प्रश्न अर्बाबाला. गेल्या महिन्यात कुठली कामं केली? बाहेर एक जनरेटर चाचणीसाठी सुरूच होता, घरघर चालली होती. अर्बाबाने मान वळवली आणि चाचांकडे बघितलं. आणि चाचांनी, सवयीने, एक पाऊल पुढे येऊन उत्तर दिलं. दुसरा प्रश्न, सुटे भाग कुठून घेता? मान वळली. चाचांनी उत्तर दिलं. शिक्का कुठे आहे? अर्बाबाने टेबलाचा खण उघडला, रिकामा. चाचांनी खिशातून रुमाल काढला. अर्जावरचा फोन कुणाचा? चाचांचा.

मी कागद धरून कोपऱ्यात उभी होते. मला कळत होतं काय चाललंय. चाचांना कळत नव्हतं. प्रश्न जितके वाढत गेले तितके ते जास्त तत्पर झाले, कारण घाबरलेला कारकून हेच करतो, भराभर उत्तरं देतो. शेवटी अधिकाऱ्याने अर्बाबाचे हात बघितले. टेबलावर ठेवलेले, स्वच्छ, लिंबाचा वास येणारे. त्याने वहीत काहीतरी लिहिलं. मग आभार मानले. पाणी प्यायले. गेले.

“चांगलं झालं ना?” चाचांनी विचारलं.

मी म्हटलं, “इन्शाल्ला.”

निकाल नऊ दिवसांनी आला. मालक नावापुरता दिसतो, व्यवहार दुसरीच व्यक्ती चालवते, सबब कार्ड स्थगित. फेरतपासणीसाठी अर्ज करता येईल. दवाखान्यांचं काम तोपर्यंत थांबलं. पण मला सगळ्यात लागला तो ‘नावापुरता’ हा शब्द. सगळी उमर सरकारची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला सरकारच्याच कागदाने भाड्याचा अर्बाब ठरवलं. मी मराठीत अर्थ सांगितला तेव्हा चाचा खाली बसले. हात खिशाकडे गेला नाही. ते मी पहिल्यांदा बघितलं.

मग म्हणाले, “हात मी धुतले गो.”

मी फेरअर्ज लिहायला घेतला. ऐकू न येण्याचं पहिल्या ओळीत टाकलं. डॉक्टरचा दाखला जोडला की अर्धा प्रश्न सुटत होता. चाचांनी ती ओळ खोडली.

“कानाचं लिवायचं नाय.”

“तेच तर खरं कारण आहे.”

“सैनिक हाय तो. त्याने मला सांगितलंय, कुणाला सांगू नको. मी नाय सांगत.”

“मग कार्ड जाईल.”

“मग दुसरं काय ता बघू.”

दुसरं काय, ते त्यांनी आधीच ठरवलं होतं. आठवड्याने ते माझ्याकडे स्वतःचाच कागद घेऊन आले. राजीनामा आणि व्हिसा रद्द करायचा अर्ज. म्हणाले, मी इथे आहे तोवर त्याच्या प्रत्येक कागदाला माझा वास येणार. टेबल रिकामं झालं की बसायला मालकच उरतो. मी भांडले. आवाज चढवला. त्यांनी शांतपणे सांगितलं, “तीन ओळीत लिव. शांत.” मी लिहिलं. एक शब्द दोनदा चुकला, तोही त्यांनीच दुरुस्त केला.

व्हिसा रद्द व्हायला मालकाची सही लागते. अर्बाबाने ती करायला नकार दिला. दोन दिवस कागद टेबलावर तसाच पडून राहिला. एकाच खोलीत एक यंत्राखाली, एक टेबलाशी. तिसऱ्या दिवशी चाचांनी शिक्का रुमालातून काढला आणि टेबलाच्या खणात ठेवला. रुमाल घडी करून खिशात परत. अर्बाब बाहेर आला, खण उघडून बघितला, आणि उभ्या उभ्याच सही केली. “खलास,” म्हणाला. आवाज मात्र खलास म्हणणाऱ्याचा नव्हता.

विमानतळावर त्यांना सोडायला अर्बाब स्वतः गाडी घेऊन गेला. मी मागे बसले होते. चाचा राहायचे त्या दार्सैतमधल्या शेजाऱ्यांनी हलव्याचे इतके डबे दिले होते की खिडकीवरच्या मुलीने बॅग उघडून वजन कमी करायला सांगितलं. चाचा गोंधळले. आयुष्यभर दुसऱ्यासाठी खिडकीशी बोलले, स्वतःसाठी त्यांना बोलता येईना. “सॉरी, सॉरी” म्हणत बॅगेची चेन ओढू लागले आणि ती अडकली. तेवढ्यात अर्बाबाने बाजूची खुर्ची ओढली, चाचांना खांद्याला धरून बसवलं, आणि म्हणाला, “इंता बैठो. मैं बोलेगा.”

तो बोलला. मुलगी काय म्हणते ते त्याला नीट ऐकू येत नव्हतं. तो पुढे वाकला, उजवा कान तिच्या बाजूला केला आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने, अरबीत म्हणाला की मला कमी ऐकू येतं, जरा जोरात सांग. चाचा खुर्चीत ताठ झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बॅग गेली, हलव्यासकट.

परतीच्या वाटेवर अर्बाब मला म्हणाला, कानाचं लिही. म्हणून मी इथे लिहिलं आहे, त्याला विचारून. फेरअर्जातही लिहिलं. डॉक्टरचा दाखला जोडला, फोन नंबर बदलून त्याचा टाकला. डांगरी पुन्हा अंगावर आहे. टेबलाशी कुणी बसत नाही. फोन वाजला की अर्बाब यंत्राखालून बाहेर येईपर्यंत तो बंद होतो, मग तो हात पुसत परत लावतो. चाचा तिकडून मला रोज एक निरोप पाठवतात. एकच शब्द. “काय?” मी उत्तर देते, ‘तपासणी चालू’.

फेरतपासणी या महिन्याच्या शेवटच्या बुधवारी आहे. यावेळी अर्बाबाचे हात काळे असतील. पण एकदा कागदावर ‘नावापुरता’ लिहिलं गेलं की काळ्या हातांवरही संशय येतो, मुद्दाम काळे केले म्हणतात. अधिकाऱ्यांना आधीचा पुरावा हवा आहे, तपासणीच्या आधीचा, बाहेरच्या माणसांनी दिलेला.

तो तुमच्याकडे आहे. बर्क्याच्या सहलीत तुम्ही सगळे फोन वर धरून उभे होतात. नाटक थांबलं होतं, तुम्हाला दुसरं काही चित्रित करायला नव्हतं. वाळूवर आडवा झालेला निळ्या डांगरीतला माणूस आणि उशाशी वड्यांची बशी, हे कुणाच्या तरी फोनमध्ये नक्की आहे. ज्याला तुम्ही भैया म्हणालात तो मालक होता, आणि ज्याला मुदीर म्हणून हसलात तो कारकून आता इथे नाही.

फोन उघडा. शोधा. सोमवारी दुपारच्या आत टायपिंग सेंटरवर घेऊन या, आणि ‘मी पाहिलं’ एवढं लिहून स्वतःच्या नावाने सही करा. कागद मी तयार ठेवला आहे. तीन ओळींचा, शांत.